बातुहानचा रडणारा रांजण

रविवारची प्रार्थना संपली, तरी माणसं घरी गेली नाहीत. चर्चमधून निघून सगळी सरळ बास्केटबॉलच्या मैदानाकडे वळली. पत्र्याच्या छपराखालच्या या मैदानावर बातुहान गावाची लग्नं लागतात, भाषणं होतात, पोरांना लसी टोचल्या जातात आणि मधूनमधून बास्केटबॉलही खेळला जातो. आज एका टोकाच्या जाळीखाली टेबल मांडलं होतं. टेबलावर जांभळं मखमली कापड, आणि कापडावर तो रांजण.

पुढची जागा अडवायला काही बायका उजाडतानाच चपला ठेवून गेल्या होत्या. शेजारच्या गावांतून माणसं होड्या करून आली होती. छपराच्या खांबांना लटकलेल्या मुलांना खाली उतरा म्हणून सांगायची कुणाला शुद्ध नव्हती.

रांजण दीड हात उंच होता. त्याच्या मातीच्या पोटावर माणसाचा चेहरा घडवलेला होता. नाक बसकं, ओठ आवळलेले, आणि मिटलेल्या पापण्यांच्या रेघांत दोन बारीक भोकं. झाकण राळेनं असं पक्कं चिकटवलेलं की सुईचं टोकही आत शिरू नये. असे रांजण मागच्या डोंगरातल्या गुहेत आहेत हे बातुहानमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फार पूर्वी या किनाऱ्यावरची माणसं मेलेल्याला आधी मातीत ठेवत, आणि पुढे हाडं उरली की ती काढून, धुऊन, गेरू फासून रांजणात भरत. गुहेकडे वळणाऱ्या पोरांना आया दटावत, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची झोपमोड करू नका. त्यापलीकडे कुणी त्या रांजणांच्या वाटेला गेलं नव्हतं.

ब्रदर एलिसेओ गेला होता. तो कुठल्या पंथाचा ब्रदर, हे कुणी विचारलं नाही. मागच्या वर्षी पलीकडच्या बंदरावर तो गुडघेदुखीचं तेल विकत होता, असं काहीजण सांगत. आता त्याच्या अंगावर पांढरा झगा होता, गळ्यात मगरीचा दात होता आणि हातात माईक.

"भावांनो, बहिणींनो, हे मडकं नव्हे. हे आपले लोलो, तुमचे-माझे आजोबा. आठशे पिढ्या निवांत झोपले होते. माझ्या स्वप्नात आले आणि म्हणाले, एलिसेओ, बाळा, गुहेत रेंज येत नाही. माझी लेकरं हाका मारतात, मला ऐकू येत नाही. मला खाली घेऊन चल."

लोक हसले, आणि हसता हसताच त्यांनी छातीवर क्रूस काढला. एलिसेओला हे छान जमायचं. हसलेला माणूस अर्धा आपला झाला, हे त्याला कळत होतं.

मागच्या खांबापाशी कॉन्रादा उभी होती. गावच्या हायस्कुलात ती विज्ञान शिकवायची. आठशे पिढ्या म्हटल्यावर तिनं सवयीनं मनात हिशोब केला. तेव्हा या बेटांवर मडकी घडवणारं कुणी असण्याची शक्यता नव्हती. पण गर्दीत असले हिशोब कुणी ऐकत नाही, हे तिला वर्गात शिकवून शिकवून कळलेलं होतं.

मग होवितानं पुढे होऊन प्रश्न विचारला.

होविता मासळी सुकवायची. तिचा मुलगा बेन्होय गेल्या पावसाळ्यात तापानं गेला होता. सहा वर्षांचा होता. तेव्हापासून ती फार बोलत नसे, आणि आज तिनं गुडघ्यांवर बसून सगळ्या गावासमोर विचारलं, की लोलो, माझं पोर कुणी नेलं.

एलिसेओनं दोन्ही तळवे रांजणाच्या झाकणावर टेकले आणि डोळे मिटले. तो एकेक नाव घेऊ लागला. मासेमार, दुकानदारीण, नदीपलीकडचा ढोलवाला. प्रत्येक नावानंतर तो थांबायचा. रांजण कोरडाच. मग त्यानं नाव घेतलं, "ओबदुलिया." आणि दोन्ही हात झटकन आकाशाकडे उचलले.

रांजणाच्या डोळ्यांतून लाल थेंब निघाला. मग दुसरा. थेंब गालांवरून ओघळून मखमलीवर पडले. गर्दीतून असा आवाज आला, जसा लाट ओसरताना खड्यांचा येतो. होविता कपाळ जमिनीला टेकून रडू लागली.

एलिसेओनं हलक्या हातानं झाकण पुन्हा धरलं, जणू म्हाताऱ्याची समजूत काढत होता. अश्रू थांबले. लोलोंचा निवाडा त्यानं माईकवरून ऐकवला. त्या बाईची नजर वाईट आहे. येत्या फिएस्ताच्या, म्हणजे गावजत्रेच्या आत तिनं गाव सोडावं, आणि गुहेच्या वाटेवरची तिची जागा लोलोंच्या प्रार्थनाघराला द्यावी.

*

ओबदुलिया कॉन्रादाची मावशी. कॉन्रादाची आई हाँगकाँगला घरकामाला गेली ती तिकडचीच झाली, आणि कॉन्रादाला वाढवलं ते या मावशीनं. सगळं गाव तिला तिया, म्हणजे मावशी, म्हणायचं. विधवा, फटकळ, दिवसभर ओठांत विडी. खाजणातल्या ताडाचा रस आंबवून त्याचा शिर्का करून विकायची आणि दोन डुकरं पाळायची. तिचं घर गुहेच्या पायवाटेवरच होतं. तिच्या अंगणातून गेल्याशिवाय वर चढता येत नसे.

निवाड्यानंतर तिच्या शिर्क्याच्या बाटल्या तशाच पडून राहिल्या. पत्र्यावर दगड पडू लागले. कॉन्रादा गेली तेव्हा तिया अंगणात ते दगड गोळा करत होती.

"चांगले आहेत," ती म्हणाली. "डुकरांच्या कुंपणाला होतील. उद्या जरा मोठे टाका म्हणावं."

कॉन्रादानं तिला समजावून पाहिलं. फिएस्ता होईपर्यंत तरी शहरात चल, माझ्या मैत्रिणीकडे राहा. तियानं दगड खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"मी गेले की म्हणतील, बघा, पळाली. आणि मी गेले की वर गुहेत कोण शिरणार, ते तुला ठाऊक आहे की नाही?"

कॉन्रादाला ठाऊक होतं. एलिसेओ आधीही दोनदा आला होता. दुसऱ्या वेळी त्याच्याबरोबर एक शहरी माणूस होता. गळ्यात कॅमेरा, आणि बगलेत नाजूक वस्तू गुंडाळायच्या प्लॅस्टिकचा रोल. तियानं त्यांना कोयता दाखवून परत पाठवलं होतं. तिसऱ्या वेळी ती खाली बाजारात असताना एक रांजण नाहीसा झाला, आणि आता तोच रांजण तिच्यावर आळ घेत होता.

तियानं कॉफी ठेवली. आटवलेल्या दुधाचा नवा डबा काढला, सुरीच्या टोकानं वर एक भोक पाडलं आणि डबा कपावर कलता केला. एक थेंब आला आणि अडकला. "ह्याच्या नानाची टांग," म्हणत तिनं विरुद्ध कडेला दुसरं भोक पाडलं. दूध सुतासारखं वाहू लागलं.

कॉन्रादानं डबा तिच्या हातातून घेतला. दुसऱ्या भोकावर बोट ठेवलं. धार थांबली. बोट उचललं. धार सुरू.

"काय गं खेळतेस? कॉफीचा पाक करून टाकलास."

कॉन्रादाचं लक्ष नव्हतं. ती पुन्हा बोट ठेवत होती, उचलत होती. मैदानावर सगळ्यांचे डोळे एलिसेओच्या हातांवर होते, कारण हातचलाखी करणारा हातांनी काहीतरी करतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण रांजण रडला तेव्हा त्याचे हात आकाशात होते. त्यामुळेच सगळे फसले. करायचं ते हात *उचलून* करायचं होतं.

झाकण पक्कं बंद आहे, आत कुणाचा हात पोचत नाही, म्हणून गावाचा विश्वास बसला होता. आणि झाकण पक्कं बंद होतं म्हणूनच ही युक्ती चालत होती. आत लाल पाणी भरलेलं. वर, त्याच्या तळव्याखाली, कुठेतरी एक भोक. ते दाबलं की हवा आत जाऊ शकत नाही आणि पाणी डोळ्यांत अडकून राहतं. सोडलं की हवा आत जाते आणि लोलो रडतात. एरवी भोकात मेणाचा खडा बसवून ठेवला की झालं. तिला रांजणाची चमकही आठवली. गुहेतली जुनी भांडी मातकट आणि खरबरीत असतात, पाणी भरलं तर पाझरतात. हा चकचकीत होता, पाझरू नये म्हणून राळेचा लेप दिल्यासारखा. डोंगरात अल्मासिगाच्या झाडांची राळ गोळा करणाऱ्या गावात हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचं तिला नवल वाटलं. मग स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं, हे आठवलं.

ती कप्तानाकडे गेली. गावचा प्रमुख रुफिनो वाईट माणूस नव्हता. एवढंच, की त्याला सगळ्यांशी चांगलं राहायचं होतं. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं, डब्याचा प्रयोगही पाहिला. मग म्हणाला की फिएस्ता तोंडावर आली आहे, लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे, आणि मॅम, रागावू नका, पण ती तुमची मावशी आहे म्हणून तुम्ही बोलता.

"हो," कॉन्रादा म्हणाली. "माझी मावशी आहे म्हणून बोलते. नसती तरी बोलले असते, पण ते सिद्ध करायला माझ्याकडे जास्तीची मावशी नाही."

रुफिनोला हसू आलं आणि त्यानं ते दाबलं. मदत करीन असं मात्र तो म्हणाला नाही.

*

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट होती. त्या दिवशी ओबदुलियानं सगळ्यांसमोर लोलोंची क्षमा मागून गाव सोडायचं होतं. ती आली. इस्त्री केलेला झगा, केसांना खोबरेल तेल, ओठांत विडी. पुढच्या बाकावर ती एकटीच बसली, कारण तिच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं.

एलिसेओनं आज आवाज भिजवला होता. "लोलोंना राग नाही, दुःख आहे," तो सांगत होता. "आपल्याच लेकीच्या पापासाठी ते रक्ताचे अश्रू ढाळतात. झाकणाला हात लावण्याचा अधिकार फक्त ज्याला बोलावणं आलं त्याला. दुसऱ्या कुणी लावला, तर हात खांद्यापासून सडेल, हे मी नाही म्हणत, लोलो म्हणतात." त्यानं तियाचं नाव घेतलं आणि हात आकाशाकडे उचलले. लाल थेंब ओघळले.

कॉन्रादा खांबापासून निघाली आणि गर्दीतून वाट काढत टेबलापाशी गेली. ती घाईत नव्हती. एलिसेओनं हात खाली आणायच्या आत तिनं आपला उजवा तळवा झाकणावर ठेवला आणि बोटांनी झाकण चाचपलं. झाकण धरायच्या गाठीच्या मुळाशी भोक होतं, मोहरीएवढं. तिनं ते तळव्यानं दाबलं.

अश्रू थांबले.

कुणीतरी किंचाळलं. एलिसेओ तिचा हात धरायला झेपावला, पण मध्ये तिया उभी राहिली होती, आणि तियाला धक्का मारायची हिंमत त्यालाही होईना. तिच्या नजरेबद्दल त्यानंच एवढं काही सांगून ठेवलं होतं.

"ओबदुलिया," कॉन्रादा मोठ्यानं म्हणाली. हात दाबलेलाच होता. रांजण कोरडा.

"कप्तान रुफिनो." तिनं हात उचलला. रांजण रडू लागला. रुफिनोच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

हात ठेवला. "फादर." कोरडा. "माझा कुत्रा बर्दोक." हात वर. रांजण ढसाढसा रडला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. "ब्रदर एलिसेओ," ती म्हणाली आणि हात वरच ठेवला. थेंबांची धार लागली.

"लोलोंना तुमच्याबद्दल बरंच वाईट वाटतंय," तियानं विडी न काढता शेरा मारला.

आता हसणं दाबलं जाईना. पण पुढच्या रांगांतले लोक हसत नव्हते. ते कॉन्रादाच्या हाताकडे पाहत होते. हात सडला नव्हता.

तिनं माईक घेतला नाही. वर्गात बोलायची तशीच बोलली. घरी दुधाच्या डब्याला तुम्ही किती भोकं पाडता, असं विचारलं. दोन, असं बायका म्हणाल्या. का? एकानं येत नाही. मग दुसऱ्या भोकावर बोट ठेवलं तर? बऱ्याच जणींची बोटं मांडीवर हलली, जणू त्या मनात डबा धरून पाहत होत्या. मागच्या एका म्हाताऱ्यानं तिथूनच सगळं समजल्याचा हुंकार दिला.

एलिसेओनं शेवटचा प्रयत्न केला. हे सगळं सैतानाचं ज्ञान आहे, आणि झाकण उघडलं तर गावात मरी पसरेल, असं तो सांगू लागला. लोक पुन्हा चुळबुळले. भीती इतक्या लवकर घर सोडत नाही. रुफिनो इकडे पाहत होता, तिकडे पाहत होता.

तेव्हा होविता उठली. तिचा आवाज इतका खाली होता की पुढच्यांनाच ऐकू गेला.

"माझ्याकडे आणखी काय उरलंय मरीनं न्यायला? उघडा."

रुफिनोनं कोयता मागवला आणि राळेची कड फोडली. झाकण निघालं. आत लाल पाणी होतं, अजून डोळ्यांच्या वरपर्यंत. त्यावर पाणी भरताना आत पडलेला एक प्लॅस्टिकचा पेला तरंगत होता. कॉन्रादानं पाणी ओतून दिलं आणि आतून भोकं दाखवली. कडांची माती ताजी, फिकट होती. रांजण घडवणाऱ्यानं डोळे मिटलेलेच ठेवले होते. भोकं आता पाडलेली होती.

"हाडं कुठे आहेत?" रुफिनोनं विचारलं. आता त्याच्या आवाजात कप्तान बोलत होता.

एलिसेओ त्याच्या तीनचाकी गाडीकडे सरकत होता. ती गाडीच लोकांनी अडवली. सीटखाली खताची गोणी सापडली. काही तरुण त्याच्या अंगावर धावले. कॉन्रादानं त्यांना आवाज दिला, त्याला बाकावर बसवा आणि शहरातून पोलिस येईपर्यंत कुणी हात लावू नका. त्याला मारलंत तर उद्या तो रांजणाऐवजी स्वतःच्या जखमा दाखवत फिरेल, असं ती म्हणाली. ते पटलं.

मग तिनं जांभळी मखमल टेबलावर पसरली आणि गोणीतली हाडं एकेक करून त्यावर ठेवली. ती घासून धुतलेली होती. फटींमध्ये मात्र अजून गेरू होता. म्हणजे लोलोंचे अश्रू तिथून आले होते. कुणाच्या तरी हाडांवर कुणीतरी मायेनं फासलेला रंग एलिसेओनं खरवडून पाण्यात कालवला होता. मैदानावर आता कुणी हसत नव्हतं.

हाडं लहान होती. कॉन्रादानं जबडा उचलला, उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"हे आजोबा नाहीत," ती म्हणाली. "हे दुधाचे दात आहेत. आणि त्यांच्याखाली, इथे तुटलंय तिथे पाहा, पक्के दात आहेत. अजून वर यायचे होते. हे पाच-सहा वर्षांचं मूल आहे."

होविता टेबलापाशी आली. तिनं हात पुढे केला, आणि कॉन्रादानं जबडा तिच्या ओंजळीत ठेवला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्या मुलाच्याही आईनं वाट पाहिली असेल. मग माती उकरून, हाडं धुऊन, रंग फासून, त्याच्या मापाचा रांजण घडवून घेतला असेल. आणि ती कुणाच्या घरावर दगड टाकायला गेली असेल असं त्या रांजणावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

"मग माझा बेन्होय कुणी नेला?" होवितानं विचारलं.

"हिवतापानं," कॉन्रादा म्हणाली. "डासाकडून आला. नदीला पूर होता, रक्त तपासायला उशीर झाला. ह्यात कुणाची नजर नव्हती, होविता. तुझीही चूक नव्हती. मला माहीत आहे, डास हे उत्तर फार लहान वाटतं. एवढ्या दुःखाला एवढंसं कारण पुरत नाही. पण या कारणावर औषध आहे, मच्छरदाणी आहे, पूर यायच्या आधी तपासणीचं सामान गावात आणून ठेवणं आहे. माझ्या मावशीला हाकललं, तर पुढच्या पावसात एक डास तरी कमी होईल का?"

मग ती गर्दीकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, पण तिला चांगलं ओळखणाऱ्या मुलांनी नंतर सांगितलं की मॅम इतक्या रागावलेल्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या.

"तुम्ही वेडे नाही. डब्याला दोन भोकं लागतात हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. ते घरी ठेवून इथे येऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर हात लावून पाहा. लावू देत नसेल, तर का नाही ते विचारा. आणि चमत्कार एखाद्या माणसाकडे बोट दाखवत असेल, तर आधी झाकण उघडा. नंतर नाही. आधी."

रुफिनोनं माईकवरून तियाची माफी मागायला सुरुवात केली. गावाच्या वतीनं, परिषदेच्या वतीनं, असं बरंच काही त्याच्या तोंडी आलं. तिया मधेच उठली आणि माईकची वायर ओढून काढली.

"ते राहू दे," ती म्हणाली. "आधी या पोराला त्याच्या घरी पोचवा."

हाडं रांजणात ठेवून लोक डोंगराकडे निघाले. रांजण होवितानं उचलला, आणि जड झाला तरी दुसऱ्याच्या हातात दिला नाही. तियाच्या अंगणापाशी सगळे थबकले. गोळा केलेल्या दगडांचा ढीग तिथे होता. ज्यांनी ते टाकले होते, तेही गर्दीत होते आणि खाली पाहत होते. तियानं कुंपणाचं फाटक उघडलं, पण पूर्ण नाही. एका वेळी एकच माणूस आत जाईल एवढंच.

होविता आत गेली. तिच्यामागे कॉन्रादा. मग रुफिनो पुढे झाला, तेव्हा तियानं फाटकावर हात आडवा धरला.

"कप्तान, एक लक्षात ठेव. माझ्याबद्दल काही विचारायचं असेल, तर यापुढे मला विचारायचं. मी इथेच असते. आणि मला उत्तर देता येतं."

रुफिनोनं मान हलवली. तियानं हात काढला आणि त्याला आत येऊ दिलं.